अपील कुठं करायचं ते ऑर्डरवरच छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात कोर्ट नाक्याच्या आसपास टायपिंग-झेरॉक्सची छोटी छोटी दुकानं आहेत, त्यातल्याच एका दुकानात मी बरीच वर्षं काम करते. वकील नाहीये मी, पण अपील मेमो, विलंब माफीचा अर्ज, स्थगितीचा अर्ज, नकलेचा अर्ज असले कागद रोज माझ्या हाताखालून जातात, आणि ते घेऊन येणारी माणसं आधी समोर स्टुलावर बसून सगळी हकीकत सांगतात आणि मगच टाईप करायला देतात. त्यामुळे कुणाचं गाडं कुठं अडतं हे मला बऱ्यापैकी कळायला लागलंय.

तर मागणी एकच आहे. कुठल्याही सरकारी निमसरकारी ऑफिसने कुणाचा अर्ज फेटाळला, दंड लावला, नोंद बदलली, बिल ठोकलं, की त्याच कागदाच्या खाली छापायचं की या ऑर्डरवर अपील कुणाकडे होतं, किती दिवसात करायचं आणि त्यासाठी फी किंवा भरणा किती. दोन-तीन ओळींचं काम आहे. पण त्या ओळी नसल्यामुळे ज्यांची बाजू खरी होती अशी किती माणसं नुसती मुदत गेली म्हणून घरी बसलेली मी पाहिलीयेत.

एक उदाहरण सांगते, नावं मुद्दाम देत नाही. आमच्या ओळखीतल्या एक काकू घरातून डबे देतात, नवरा गेल्यावर त्यावरच घर चाललंय. एक दिवस वीजवाल्यांची माणसं आली, मीटर पाहिला, स्वयंपाकघरातली मोठी भांडी पाहिली, पंचनाम्यासारखा एक कागद केला आणि सही घेऊन गेली. मग पत्र आलं की घरगुती जोडणीवर धंदा चालतो म्हणून मागच्या बारा महिन्यांचं दुप्पट दराने आकारलंय. पत्र इंग्रजीत, आकडे ठळक, न भरल्यास वीज तोडू हे त्याहून ठळक, आणि अपील हा शब्द अख्ख्या पत्रात कुठंच नाही, मी पुढून मागून दोनदा वाचलं. काकूंनी हाताने अर्ज लिहून त्याच ऑफिसात दिला, पोच म्हणून शिक्का घेतला आणि उत्तराची वाट बघत बसल्या कारण त्यांच्या समजुतीप्रमाणे तक्रार तर झाली होती. काही महिन्यांनी कुणीतरी सांगितलं की वीज ग्राहकांसाठी तक्रार निवारण मंच असतो तिथं जा. त्या तिथंही गेल्या. मंचाने सांगितलं की ही कलम १२६ ची केस आहे, ती आमच्याकडे येतच नाही.

आता हे काकूंना कसं कळणार होतं? विद्युत कायदा २००३ मध्ये दोन वेगवेगळे रस्ते आहेत. बिल चुकलं, मीटर फास्ट आहे, नवीन जोडणी देत नाहीत असल्या तक्रारी कलम ४२ खाली मंचाकडे जातात आणि त्यावर विद्युत लोकपालाकडे. पण अनधिकृत वापराचं म्हणून कलम १२६ खाली आकारणी झाली की रस्ताच बदलतो, मग अपील कलम १२७ खाली विद्युत निरीक्षकाकडे, तेही फायनल ऑर्डर झाल्यापासून ३० दिवसात, आणि आकारलेल्या रकमेतली निम्मी रक्कम आधी भरून. काकू माझ्याकडे आल्या तेव्हा ते ३० दिवस कधीच उलटून गेले होते. घरात डबे करणं हा धंदा धरायचा का, दुप्पट दर बरोबर होता का, बारा महिने कुठून धरले, यातलं एक अक्षर कुणी ऐकून घेतलं नाही. ते ऐकण्यासाठी जी जागा कायद्याने केलीये तिथपर्यंत त्या वेळेत पोचल्याच नाहीत.

कुणी म्हणेल की कायद्याचं अज्ञान ही सबब होत नाही. कबूल आहे. पण मग सगळीकडे निदान एकच नियम तरी असायला हवा होता ना. माहिती अधिकारात पहिलं अपील ३० दिवसात आणि दुसरं ९० दिवसात. सातबाऱ्याच्या फेरफाराचं किंवा जमीन महसूल कायद्याखालच्या ऑर्डरचं अपील, ऑर्डर कलेक्टरच्या खालच्या अधिकाऱ्याची असेल तर ६० दिवस आणि कलेक्टरची असेल तर ९० दिवस. सेवा हमी कायद्यात पहिलं अपील ३० दिवसात आणि शेवटी आयोगाकडे जायचं तर ६० दिवस. राज्य सरकारी नोकरांसाठी मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, तिथं साधारण वर्षभराची मुदत. प्रत्येक ठिकाणचा साहेब वेगळा, फॉर्म वेगळा, कोर्ट फी स्टँप वेगळा. मी रोज हेच काम करते तरी मला वहीत लिहून ठेवावं लागतं, मग मुरबाडहून पहिल्या एसटीने निघून आलेल्या माणसाने हे तोंडपाठ ठेवावं अशी अपेक्षा करणं बरोबर नाही.

आणि मी मागतेय ते काही आकाशातला तारा नाहीये. माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये कलम ७(८) आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय की माहिती नाकारली तर जनमाहिती अधिकाऱ्याने नाकारण्याची कारणं, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण याचा तपशील अर्जदाराला कळवायचाच. त्यामुळे त्या पत्रांच्या खाली बहुतेक वेळा शेवटचा एक पॅरा असतो की सदर निर्णय मान्य नसल्यास ३० दिवसांचे आत प्रथम अपिलीय अधिकारी तथा अमुक अमुक यांचेकडे अपील दाखल करता येईल. तो पॅरा वाचून लोक बरोबर टेबलापर्यंत जातात, वीस रुपयांचा स्टँप लावतात आणि अपील टाकतात, कित्येक जण तर स्वतःच्या हाताने लिहून. एका कायद्यात वीस वर्षं हे चाललंय म्हणजे बाकीच्या ऑफिसांनाही जमेल. त्यासाठी विधानसभेत कायदा आणायची सुद्धा गरज नाही, मंत्रालयातून एक शासन निर्णय निघाला की राज्याच्या सगळ्या ऑफिसांच्या ऑर्डरचा नमुना बदलता येईल.

त्याच कायद्यात अजून एक चांगली गोष्ट आहे ती म्हणजे कलम ६(३). अर्ज चुकीच्या ऑफिसात गेला तर त्या ऑफिसने तो पाच दिवसांच्या आत बरोबर ऑफिसकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं. अपिलांना पण हे लावा. माणूस मुदतीत आलाय, हातात कागद आहे, फक्त खिडकी चुकलीये, तर शिक्का मारून घ्या, बरोबर खिडकीकडे पाठवा आणि पहिल्या शिक्क्याची तारीख हीच अपिलाची तारीख धरा. दिवाणी कोर्टात सुद्धा अधिकार नसलेल्या कोर्टात प्रामाणिकपणे गेलेला वेळ मुदतीतून वजा करायची सोय मुदत कायद्याच्या कलम १४ मध्ये आहेच. मग वकिलाशिवाय जाता यावं म्हणून जी मंडळं काढली तिथं लोकांना कोर्टापेक्षा कडक नियम कशाला?

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की या प्रशासकीय अपिलांवरच माझा राग आहे. तसं अजिबात नाही, उलट कोर्टाच्या बाहेरची ही व्यवस्था टिकली पाहिजे आणि चांगली चालली पाहिजे असं मला मनापासून वाटतं कारण गरीब माणसाला परवडणारी तीच एक जागा आहे. आपल्याकडे हे काही नवीनही नाही, इन्कम टॅक्सचं अपिलीय न्यायाधिकरण १९४१ पासून आहे. पुढं १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ३२३-अ आणि ३२३-ब आली, १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा आला, केंद्राच्या नोकरांसाठी कॅट झालं आणि १९९१ मध्ये महाराष्ट्राचं मॅट. हायकोर्टावरचा भार कमी व्हावा आणि त्या विषयातल्या जाणकार माणसाने लवकर निकाल द्यावा हा हेतू होता. १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार केसमध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी सांगितलं की अशा न्यायाधिकरणांच्या निकालावर हायकोर्टाची नजर राहणारच, तो अधिकार कुणाला काढून घेता येणार नाही. म्हणजे वर हायकोर्ट आहेच, पण सामान्य माणसाने तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये म्हणून खाली हे सगळं उभं केलं.

आणि खाली जेव्हा ते नीट चालतं तेव्हा काय होतं ते पण मी पाहिलंय. शहापूर भागातल्या एका ताईंची केस होती, लग्न होऊन त्या कळव्याला आलेल्या. वडील वारल्यावर भावांनी वारस नोंद केली त्यात बहिणीचं नावच नाही. काही वर्षांनी समृद्धीच्या बाजूला जमिनीला भाव आला तेव्हा चुलत भावाकडून यांना कळलं. मुदत केव्हाच संपलेली, म्हणून अपिलाबरोबर विलंब माफीचा अर्ज जोडला आणि प्रांतसाहेबांकडे दाखल केलं. ताईंबरोबर मी पण सुनावणीला गेले होते कारण त्यांना एकटीला भीती वाटत होती. साहेबांनी आधी फाईल वाचलेली होती हे पहिल्याच प्रश्नात कळलं. त्यांनी विचारलं की फेरफाराची नोटीस या बाईंना बजावली त्याची सही दाखवा. नोटिशीवर ताईंच्या नावापुढे सही होती ती भावाची. साहेबांनी तो कागद वर धरून भावाला विचारलं की ही सही कुणाची, भाऊ गप्प. विलंब माफ झाला, नोंद रद्द झाली आणि फेरचौकशीचा आदेश झाला. ऑर्डर तीन पानांची होती आणि नोटीस न मिळाल्यामुळे मुदत का मोजता येत नाही हे त्यात नीट समजावून लिहिलं होतं. वकिलाचा एक रुपया खर्च नाही, आणि मला वाटतं भाऊ पुढे वर गेला नाही त्याचं कारणही तेच, कारण ऑर्डरमध्ये सगळं उघड लिहिलेलं होतं, वर जाऊन भांडायला काही शिल्लकच नव्हतं.

आता याच्या उलट ऑर्डर कशी असते ते पण सांगते कारण ती मला पाठ झालीये. अपिलार्थी यांचे म्हणणे ऐकून घेतले. सादर केलेल्या कागदपत्रांचे अवलोकन केले. अपिलात तथ्य आढळून येत नाही. सबब अपील फेटाळण्यात येत आहे. संपलं. वरती दीड पान केसची हकीकत, अपिलार्थीचं म्हणणं, जाबदाराचं म्हणणं, आणि निर्णय चार वाक्यात. कुठला मुद्दा पटला नाही, का पटला नाही, कुठला कागद बघितला, काहीच नाही. माणूस ती ऑर्डर घेऊन माझ्यासमोर बसतो आणि विचारतो की ताई माझं काय चुकलं ते यात लिहिलंय का हो, आणि मला नाही म्हणून सांगावं लागतं. हरल्याचं दुःख लोक पचवतात, ते मी बघते, पण का हरलो हेच कळलं नाही तर आतून पैसे गेले असतील हाच संशय घेऊन जातात, मग अधिकाऱ्याने एक पैसा घेतलेला नसला तरी.

सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये एस. एन. मुखर्जी केसमध्ये आणि परत २०१० मध्ये क्रांती असोसिएट्स केसमध्ये हे सांगितलंय की अर्धन्यायिक म्हणजे कोर्टासारखं निवाड्याचं काम करणाऱ्या अधिकाऱ्याने कारणं नोंदवली पाहिजेत, नुसता रबरी शिक्का मारल्यासारखी कारणं चालणार नाहीत. कायदा पक्का आहे. पण खाली काय होतं की ज्या साहेबाकडे अपिलं असतात त्याच्याकडे निवडणुकीचं काम, पुराचं काम, मंत्र्यांचे दौरे, अतिक्रमण, भूसंपादन हे सगळं असतं आणि अपिलाचा बोर्ड म्हणजे सुनावण्या आठवड्यात एखादा दिवस दुपारनंतर. त्या दिवशी वरच्या साहेबांची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) लागली की बोर्ड गेला, कारकून बाहेर येऊन पुढची तारीख सांगतो आणि जव्हार-मोखाड्यापासून आलेली माणसं परत जातात. तारीख बदलली तर आदल्या दिवशी एसएमएस करा, एवढं साधं आहे ते, पोर्टलवर मोबाईल नंबर तर सगळ्यांचे घेतलेले आहेत.

याहून वाईट गोष्ट म्हणजे प्रकरण निकालासाठी बंद झाल्यावर साहेबांची बदली होते. सुनावणी एकाने घेतली, फाईल पडून राहिली, नवीन साहेब आले आणि त्यांनी कागदांवरून ऑर्डर लिहिली. १९५० च्या दशकातच गुल्लापल्ली नागेश्वरराव केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की ऐकणार एक आणि ठरवणार दुसरा, तर त्या सुनावणीला अर्थ राहत नाही. त्या शहापूरच्या ताईंच्या केसचंच बघा, भावाचा चेहरा त्या क्षणी कसा पडला ते समोर बसलेल्या साहेबांनी पाहिलं, ते कागदावर कुठून येणार? म्हणून माझं म्हणणं आहे की बदलीचा आदेश आल्यावर चार्ज सोडायच्या आधी बंद केलेल्या प्रकरणांच्या ऑर्डर लिहून झाल्यात असं लेखी घ्या, आणि नसतील झाल्या तर नवीन साहेबांनी परत ऐकून घ्यावं. दोन्ही पार्ट्यांना अजून एक तारीख परवडेल पण असा निकाल परवडत नाही.

आमच्याकडे एक निवृत्त वकीलसाहेब कधी कधी कागद टाईप करायला येतात, त्यांनी सांगितलं की इंग्लंडात १९५७ मध्ये फ्रँक्स समितीने अशा मंडळांसाठी तीन गोष्टी सांगितल्या होत्या, कारभार उघड असावा, न्याय्य असावा आणि निःपक्षपाती असावा. मला त्यातलं तिसरं आपल्याकडे जास्त लागू वाटतं. माहिती अधिकाराचं पहिलं अपील त्याच ऑफिसातल्या वरच्या साहेबाकडे. सेवा हमीचं पहिलं आणि दुसरं अपील त्याच खात्यात. ज्यांनी एकत्र चहा घेतला, ज्याच्या सीआरवर (गोपनीय अहवालावर) दुसऱ्याची सही आहे, ते एकमेकांच्या ऑर्डरवर बसतात. सगळेच बाजू घेतात असं मी म्हणत नाही, पण सुनावणी चालू असताना खालचा अधिकारी साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत आणि अपील करणारा म्हातारा माणूस उभा, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय आणि ते बघून मनात काय येतं ते सांगायला नको. निदान खुर्च्या तरी समोरासमोर आणि सारख्या ठेवा. दुसरं म्हणजे ज्याने मूळ निर्णयाला तोंडी किंवा नोटिंगवर (फाईलीतल्या शेऱ्यांच्या पानावर) मान्यता दिली त्याच्याकडे अपील जाता कामा नये. नोटिंगची प्रत मागितली की कित्येकदा कळतं की वरच्या साहेबांची सही त्यावर आधीच आहे.

पैशाचा विषय पण आहे. विजेच्या १२७ च्या अपिलाला निम्मी रक्कम आधी भरायची हे वर लिहिलंच. हाउसिंग सोसायटीचं मेंटेनन्स थकलं म्हणून उपनिबंधकांनी वसुलीचा दाखला दिला तर त्यावर सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ खाली रिव्हिजन म्हणजे वरच्या साहेबांकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो पण तिथंही ५० टक्के आधी भरा. खोटी अपिलं टाकून थकबाकी लांबवणारे लोक आहेत, सोसायटीची कमिटी त्यांच्यामुळे मेटाकुटीला येते हे मी नाकारत नाही. पण दोन लाखाच्या दाखल्यात व्याजच व्याज असेल, हिशोबच वादात असेल आणि मेंबर रिटायर्ड मिल कामगार असेल तर एक लाख कुठून आणायचे? निदान हप्ते द्या, किंवा जी रक्कम दोन्ही बाजूंना मान्य आहे तेवढी भरायला सांगा. यासाठी मात्र कायदा बदलावा लागेल हे मला माहितीये.

शिवाय अंतराचं आहे. आम्हा ठाणेकरांना त्यातल्या त्यात बरं आहे, ठाणे-पनवेल लोकल पकडली की बेलापूर, आणि तिथून कोकण भवन जवळच. सहकार खात्याचे विभागीय सहनिबंधक तिथं, माहिती आयोगाचं कोकण खंडपीठ तिथं. पण कोकण विभाग म्हणजे मुंबईपासून थेट सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हे. सावंतवाडीच्या माणसाने एका सुनावणीसाठी रात्रभर प्रवास करून बेलापूरला यायचं, आणि दुसऱ्या अपिलावर आयोगाने किती दिवसात निकाल द्यायचा याची मुदत तर कायद्यातच नाही. व्हिडिओवर सुनावणी होऊ शकते हे कोरोनात सगळ्यांनी बघितलंय. ती जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीतून करायची सोय कायमची करा, घरच्या मोबाईलवरून नाही कारण म्हाताऱ्या माणसांना ते जमत नाही आणि गावाकडे रेंज जाते.

ज्येष्ठ नागरिकांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००७ च्या कायद्यात प्रांतसाहेबांसमोर निर्वाह न्यायाधिकरण आहे, त्यावर अपील ६० दिवसात, आणि वकील आणायला मनाई आहे. फार चांगला कायदा आहे. मुलाने फ्लॅट नावावर करून घेतला आणि सांभाळत नाही तर तो व्यवहार सुद्धा रद्द करता येतो, कलम २३, फक्त सांभाळण्याची अट त्या व्यवहारात असायला लागते. पण पंच्याहत्तरीच्या आजीने स्वतः बाजू मांडायची तर तिला आधी कुणीतरी सांगायला हवं ना की काय मांडायचं. निकाल विरोधात गेला तर ती कागद पिशवीत घालून घरी जाते आणि ज्याच्या विरोधात तक्रार केली त्याच मुलाच्या घरात तो कागद उशाखाली राहतो. त्या ऑर्डरच्या खाली मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेलं असतं की आजी तुम्हाला कलेक्टरसाहेबांकडे ६० दिवसात जाता येतं, तर शेजारच्या एखाद्या पोराने ते वाचून तिला आणलं असतं.

आणि जिथं अपील नाहीच तिथं नाही म्हणून लिहा. जात पडताळणी समितीने दावा अवैध ठरवला की त्यावर वरचा अधिकारी नाही, कायद्यानेच समितीचा निकाल अंतिम केलाय आणि आव्हान फक्त हायकोर्टात रिट करून देता येतं. हे माहीत नसल्यामुळे पोरं समाज कल्याणच्या ऑफिसात, मंत्रालयात, आमदारांच्या ऑफिसात अर्ज देत फिरतात आणि तेवढ्यात ॲडमिशनची तारीख निघून जाते. पहिल्याच दिवशी कागदावर वाचलं असतं की फक्त हायकोर्ट, तर त्या दिवशी वकील गाठला असता.

काही अधिकारी मला म्हणाले की असं छापलं तर प्रत्येक जण अपील करेल आणि आमच्याकडे ढीग लागेल. मला तसं वाटत नाही. आत्ताच जे लोक चुकीच्या ठिकाणी जातात, तिथून फेटाळले जातात, मग विलंब माफीसकट परत येतात, त्यांची एकेक केस दोन-तीन ऑफिसांत फाईल बनून बसलेली असते. काकूंचंच बघा, त्यांचा एक अर्ज वीजवाल्यांच्या ऑफिसात पडलाय, एक मंचाकडे नोंदलाय, आणि मूळ प्रश्न कुणीच ऐकलेला नाही. शिवाय ज्या ऑफिसला माहितीये की आपल्या ऑर्डरखाली अपिलाचा पत्ता छापलेला आहे ते ऑफिस ऑर्डर लिहितानाच जरा जपून लिहील.

संपादक साहेब, आपल्या पेपरची माणसं कलेक्टर कचेरीत, महापालिकांत रोज जातात. त्यांना एवढंच विचारायला सांगा की या महिन्यात तुमच्या ऑफिसमधून गेलेल्या नकारांच्या पत्रांपैकी किती पत्रांवर अपिलाचा पत्ता आणि मुदत होती, आणि जे उत्तर येईल ते ऑफिसवार छापा. वाचकांनाही विनंती आहे की कुठलीही ऑर्डर हातात पडली की त्याच दिवशी पाकिटावर मिळाल्याची तारीख लिहून ठेवा आणि पाकीट टाकू नका, कारण मुदत ऑर्डर मिळाल्यापासून मोजायची की ऑर्डरच्या तारखेपासून हा वाद हमखास येतो आणि तेव्हा पोस्टाचा शिक्का असलेलं ते पाकीटच उपयोगी पडतं. पोच घेताना शिक्क्याबरोबर तारीख आणि आवक नंबर पण मागून घ्या. आणि ऑर्डरवर अपिलाचं काही लिहिलेलं नसेल तर तिथल्या तिथे साध्या कागदावर लेखी विचारा की यावर अपील कुणाकडे होतं, म्हणजे पुढे विलंब माफी मागताना दाखवायला काहीतरी हातात राहतं.

आपली विश्वासू,
एक वाचक,
कोर्ट नाका, ठाणे (प.)